दोन माप पावडर, एक केळ

३ नोव्हें., सोम.
पहाटे साडेपाचला मिक्सर लावला. मायची प्रोटीनची पावडर आधी टाकली, दूध नंतर. तळाला नुसता चिखल. झाकण नीट बसलं नव्हतं, अर्धं कट्ट्यावर सांडलं, थोडं बनियनवर. सु.ला साखऱ्याला फोन केला. बायको ती माझी, तिची शाळा तिकडं, घरी येते फक्त शनिवारी. म्हणाली, "दूध आधी, मग पावडर, केळ शेवटी. एवढं सोपं आहे ते." सोपं तिला. मला सातची हिंगोली गाडी गाठायची होती, कंडक्टरची वाट कोण बघतं?
मायनं अर्धा गिलास पिला. "खडू कालवून दिल्यावानी लागतं."
डॉक्टरचं म्हणणं, पोटातली गाठ काढायची तर वजन चाळीस पाहिजे. सध्या छत्तीस. १९ ला परत दाखवायचं.

५ नोव्हें.
पपई, केळ, दोन माप, दूध. आज जमलं. सीताफळाच्या भानगडीत पडायचं न्हाई, बिया काढता काढता गाडी सुटायची.
सव्वासहाला लाईट जाते, त्याच्या आत दोन गिलास. एक तिच्या हातात, दुसरा फ्रीजमध्ये, चार वाजता तिनं घ्यायचा. "घेशील ना?" विचारलं तर खवळली. "तीस वर्षं लोकाची लेकरं खाऊ घातली, तू मला शिकवतो का?"
अंगणवाडीची बाई. वसमतमधली आमची निम्मी गल्ली तिच्या काट्यावर लटकलेली. रिटायर झाली तरी वहीची सवय सुटली न्हाई. काटा आणलाय तर स्वतःचं वजन स्वतःच करते, तारीख टाकून लिहिते. मला काट्याजवळ येऊ देत न्हाई.

९, रवि.
वहीत ३६.८. सु. म्हणाली, "बघा, चढून राहिलं." कुरुंद्याहून केळीचा आख्खा घड आणलाय.
काल डबल ड्युटी. पिंढऱ्यांत गोळे आलेत. अजून लिहायचं होतं, पण

१४, शुक्र.
३७.९! इतकं बरं वाटलं की पासवाल्या पोरींवर दिवसभर ओरडलो न्हाई.
पेरू टाकून बघितला. बिया दाताखाली कराकरा. "हे तूच पी," म्हणाली माय. पिलो. वाईट.
गालफडं मात्र आत गेल्यासारखी दिसतात. सु. म्हणते, चेहऱ्यावर उशिरा दिसतं. दिसू दे उशिरा.

१९, बुध.
नांदेड. वहीत ३८.६. डॉक्टरच्या काट्यावर ३५.७.
मी म्हणालो, दुसरा काटा आणा. आणला. तेच. "खायला देता ना यांना?" डॉक्टरनं विचारलं. सगळ्या पेशंटांसमोर. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माय छताकडं बघत बसलेली.
दोन आठवड्यांनी या म्हणाला. गाठ वाट बघत बसणार न्हाई, असंही म्हणाला.
येताना ठरवलं, घरचा काटाच बिघडलाय, दुसरं काय.

२०
काटा बिघडलेला न्हाई. मी उभा राहून बघितलं. डेपोतल्या काट्यावर जेवढा, तेवढाच.
मग राहिली पावडर. डब्बा घेऊन मेडिकलवाल्याकडं गेलो. "डुप्लिकेट माल विकून राहिला का?" चार गिऱ्हाइकांत. त्यानं सील दाखवलं, कंपनीचा कागद दाखवला, आवाज चढवला न्हाई. वर म्हणतो, "साहेब, पेशंट पिऊन राहिला का, ते बघा आधी."
लई राग आला. घरी येईपर्यंत होता.

२२, शनि.
औंढ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवून दिले. चारलाच घरी.
ओसरीवर शाहीन, शेजारच्या खलीलभाई टेलरची सून. सहावा महिना चालू आहे तिला. हातात मायचा गिलास, आणि माय समोर बसून, "सब पी. तळाचं ठेवायचं न्हाई."
मी काय काय बोललो ते लिहवत न्हाई. पोटुशी बाई, तिच्यावर ओरडलो मी. ती उठली, गिलास खाली ठेवला. "मै नको बोली थी भैया. बाई सुनतेच नहीं." रडत गेली.
माय म्हणाली, "तिच्या अंगात रक्त न्हाई. पापण्या बघूनच वळखलं मी."
"आन् तुझ्या अंगात?"
मग सगळंच बाहेर आलं. सकाळचा गिलास मी असेपर्यंत दोन घोट, मी गेलो की मोरीत. वहीतले आकडे मनानं लिहिलेले. तीस वर्षांत कुणाच्या लेकराचं वजन शंभर ग्रॅमनं फुगवून लिहिलं न्हाई या बाईनं. वरच्या सुपरवायझर मॅडम चिडल्या तरी न्हाई. आणि आता स्वतःचं!

२३
सकाळीच शाहीनच्या दारात गेलो माफी मागायला. खलीलभाई म्हणाले, "जाने दो भाई, तकलीफ में आदमी बोल जाता." ती आतच होती.
सु. म्हणाली, तिच्यासाठी वेगळा गिलास करायचा, हाय काय त्यात? पण तिच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पावडर न्हाई, नुसतं दूध-केळ. केला. सु.च घेऊन गेली. शाहीननं पिला.
मायला सांगितलं, तिचं झालं, आता तुझं घे. मायचा गिलास संध्याकाळपर्यंत तसाच. वर काळी साय.
म्हणजे शाहीन नुसतं निमित्त होती.

२५, मंगळ.
सुट्टी टाकली. मायजवळ बसलो. सरळच विचारलं, "काहून असं करून राहिली?"
लसूण सोलत होती. दोन गड्डे सोलून झाले. मग म्हणाली, "चाळीस झालं की कापतील ना."
"कापावंच लागंल माय."
"तुझा बाप चालत गेलता आत. चपला माझ्या हातात देऊन गेला."
आप्पा त्या ऑपरेशनातच गेला, तेव्हा मी पुण्याला होतो, कामाला. ती एकटी बसली होती बाहेर. एवढ्या वर्षांत कधी बोलली न्हाई.
"वजन कमी असलं की डॉक्टर हात लावत न्हाई. एवढंच हाय बाबू माझ्या हातात."
मी म्हणालो, न काढता पण जाशील.
"ठावं हाय मला."
मला रडू आलं. या वयात, ढसाढसा. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लसणाच्या हातानं, डोळे अजून झोंबायले. मी पण भितो माय, म्हणालो. तुझ्यापेक्षा जास्त.
"व्हय," एवढंच म्हणाली.

२७, गुरु.
साडेपाच. दूध, पावडर, केळ. गिलास तिच्यापुढं ठेवला. रोज म्हणतो, पी. आज म्हणालो न्हाई. धीरच झाला न्हाई.
बूट घालत होतो तेव्हा म्हणाली, "किती दिवस राहिले?"
"सहा."
"सहा दिवसांत चाळीस होत न्हाई. कुणाचं बी."
"मग किती होईल?"
बोटांवर मोजून राहिली. ओठ हलत होते, लेकरांचं मोजताना हलायचे तसे. "छत्तीस. लई झालं तर साडेछत्तीस." मग गिलासाकडं बघून म्हणाली, "डॉक्टरला फोन करून इचार. साडेछत्तीसवर जमतं का म्हणावं."
सात वाजत आलेले. विचारतो म्हणालो, निघालो. गिलास भरलेलाच होता. माशा बसू नयेत म्हणून तिनं त्याच्यावर ताटली ठेवली.