फायनलला यजमान नसतो

अहो,

काल अमेरिकन फुटबॉलची फायनल झाली आणि आज सकाळीच तुमच्या विलासचा, आपल्या विलासभावजींचा, फोन आला. फोन ठेवल्यापासून तुम्हाला सगळं सांगावंसं वाटतंय. शेवटी लिहायलाच बसले.

तुम्ही गेलात आणि महिन्याभरात भावजी चाचरत म्हणाले होते, "वहिनी, आमच्या हॉस्पिटलातल्या दोस्तांची भाकितांची स्पर्धा सुरू होतेय. यादीतून डॉक्टरांचं नाव काढायचं जिवावर येतंय." मी म्हटलं, "काढू नका. कोण जिंकणार ते दर आठवड्याला त्यांच्या नावाने मी सांगेन." मला त्या खेळातलं काय कळत होतं? हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी माणसं, एवढंच!

पण तुमचा नियम पाठ होता. दर रविवारी संध्याकाळी चहा पिताना ऐकवायचात ना? "ज्याच्या मैदानावर सामना, तो जिंकणार. पाहुणा उघड उघड वरचढ असला, तरच पाहुणा." बस्स. एकाही खेळाडूचं नाव तुम्हाला सांगता आलं नसतं!

एवढ्याशा नियमावर कसं भागेल, असं मला वाटलं. इथे लंडनला, आपल्या पिनरच्या लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं, डिक्शनरी घेऊन वाचलं. कोण जखमी, कोणाचा बचाव भक्कम, सगळा विचार करून उत्तरं दिली. भावजी म्हणाले, "वहिनी, डॉक्टर इतके कधीच चुकले नव्हते हो!"

मुकाट्याने तुमच्या नियमावर आले. मग टीव्हीवर बातम्यांची ती टेलिटेक्स्टची पानं लावून निकाल बघावा तर बहुतेक तुमच्याच म्हणण्यासारखा! तुमचं नाव यादीत वर चढू लागलं. अहो, अंगावर काटा यायचा. माणूस नाही, आणि त्याचं म्हणणं रविवारमागून रविवार खरं होतंय!

फायनलआधी तुम्ही आणि भावजी बरोबरीत, सगळ्यांच्या वर. पण फायनल तिसऱ्याच गावात! दोन्ही संघ पाहुणे. आता काय करायचं? इथेच मला एकटीला सोडलंत?

मग आठवलं. फायनलला तुम्ही मला विचारायचात, "तुझ्या मते कोण?" मी सांगायचे आणि तुम्ही नेमकं उलट लिहायचात. वर मिस्कील हसायचात. किती राग यायचा मला! पण स्वतःचं उत्तर स्वतःच कसं उलटवायचं? मला वाटलं ते सांगून टाकलं.

चुकलं. भावजी पहिले आले, तुम्ही दुसरे. फोनवर ते म्हणाले, "डॉक्टर असते तर..."

"तर जिंकले असते," मी म्हटलं. "मला विचारून!"

दोघंही हसलो.

म्हणजे फायनललाही तुमचीच रीत खरी ठरली! काय म्हणावं तुम्हाला?

भावजींना सांगून टाकलंय, पुढच्या सीझनला डॉक्टरांचं नाव काढा, माझं घाला. इतर सामन्यांना मी तुमचाच नियम चालवीन, शब्द देते. पण फायनलला माझं उत्तर माझं असेल, आणि चुकेन तर माझ्या नावावर चुकेन. तुमच्या नावावर आता एकही चूक पडू देणार नाही.

तुमची,
सुमन