माझे मचाण आणि माझे सुतक

मी, वेंडेल पीट, वय वर्षे एकोणऐंशी, कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर, तिथल्या मूळनिवासी जमातीत जन्मलो आणि तिथेच राहतो. आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल सांगितले तेव्हाही माझे डोके ठिकाणावर होते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

१. राहते घर आणि आतले सगळे सामान पत्नी लवीना हिचे. ते पूर्वीही तिचेच होते, मी फक्त छप्पर दुरुस्त करत असे.

२. बोट, तिचे इंजिन आणि मासे धुरावर सुकवायची खोपी पुतण्या रस्टी याला. रस्टीचा हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगले. खोपीत ओले लाकूड जाळू नये.

३. धरणावरचे इंजिनिअर हॉलिस ग्रीअर यांना माझी शिंगाच्या मुठीची सुरी. आमचे आजोबा जिथे मासे धरत तो धबधबा त्या धरणाच्या पाण्याखाली गेला, म्हणून या माणसाला मी बावीस वर्षे तोंडावर ‘नदीचा गळा दाबणारा’ म्हटले. ते शब्द मागे घेत नाही. पण दर वसंतात सॅमनची पिल्ले समुद्राकडे निघाली की तो वरिष्ठांशी भांडतो. वीज कमी झाली तरी चालेल, पाणी सांडव्यावरून सोडा, म्हणतो, म्हणजे पिल्ले टर्बाइनच्या पात्यांत सापडत नाहीत. त्यापायी त्याची बढती दोनदा हुकली. मला त्याचे फार कौतुक वाटते, आणि मी जिवंत असेपर्यंत हे त्याला कोणी सांगू नये.

४. कड्यावरचे लाकडी मचाण, जिथून माझे वडील आणि त्यांचे वडील लांब दांड्याच्या जाळ्याने मासे काढत, ते मुलगी डार्ला हिला. रस्टीला ते हवे होते, म्हणून कारण लिहितो.

डार्ला त्याच धरणात मासे मोजते. मासे ज्या पायऱ्यांनी धरण चढतात त्यांना एक काचेची खिडकी आहे. समोरून जाणारा प्रत्येक सॅमन ती नोंदवते. तिने ही नोकरी धरली तेव्हा मी तिला ‘धरणाची पोर’ म्हणालो आणि दोन वर्षे धड बोललो नाही.

सहा वर्षांपूर्वी पहिल्या सॅमनच्या जेवणाचे मासे आणायचा मान मला मिळाला. ते जेवण झाल्याशिवाय आमच्यात कोणी नवा मासा तोंडात घालत नाही. मी आठ काढले. त्यांतल्या एका मादीच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता. हॅचरीत, म्हणजे माणसांनी अंडी उबवून वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडतात. शाबूत म्हणजे ती नदीच्याच खड्यांत जन्मलेली, आता मोजक्याच उरलेल्यांपैकी. मला ते दिसले होते. पण पाहुणे दोनशे, मान माझा आणि मासा देखणा. मी तो ठेवला.

लाँगहाउसच्या, म्हणजे जमातीच्या प्रार्थनेच्या आणि पंगतीच्या घराच्या, स्वयंपाकघरात डार्लाने त्या मादीच्या कुशीवरचा समुद्रसिंहाच्या दातांचा व्रण पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

“बाबा, ही परवा माझ्या खिडकीसमोरून गेली. तीनदा पाण्यानं मागे ढकलली, चौथ्यांदा चढली. मी उठून टाळ्या वाजवल्या हो.”

“मग आता काय करू?”

“काही नको. जेवण होऊ दे. फक्त पोटातली अंडी कोणाला दाखवू नका.”

त्या दिवशी ती जेवली नाही. माझी चूक तिने आजवर कोणाला सांगितली नाही, म्हणून मीच इथे सांगतो. मला तिचा अभिमान आहे. हे तिला समोर बसवून सांगायला हवे होते.

५. आमच्यात माणूस गेला की घरचे वर्षभर मासे धरत नाहीत. वर्ष सरल्यावर जमातीतली मोठी माणसे त्यांना नदीवर परत घेऊन जातात. माझे सुतक चार वर्षे पाळावे. आज घातलेले अंडे समुद्र बघून परत यायला तेवढा काळ जातो. एक पिढी तरी आमच्या कड्याखालून सुखरूप जाईल.

रस्टीला हे आधीच सांगितले आहे.

“चार वर्षं? काका, आजोबांचंसुद्धा एकच पाळलं!”

“आजोबांच्या वेळी मासे किती होते?”

“अहो, पण मी खाऊ काय?”

“शेजाऱ्यांकडून विकत घे. तुझी बडबड ऐकायची त्यांना सवय आहे.”

तो तासभर अंगणात लाकडे फोडत राहिला. मग आत येऊन म्हणाला, “चार वर्षांत मचाणाच्या फळ्या कुजतील. त्या बदलायला तरी जाऊ द्याल ना?”

फळ्या बदलायला त्याला परवानगी आहे.

वकीलबाई म्हणतात हे कलम कोर्टात टिकणार नाही. मी ते कोर्टासाठी लिहिलेले नाही.

६. डॉक्टरांनी जूनपर्यंतची मुदत दिली आहे. मासे एप्रिलअखेर वर येऊ लागतात. सुतक मरणाच्या दिवसापासूनच लागते, आधी लावता येत नाही, मी मोठ्यांना विचारून पाहिले. तेव्हा एप्रिलच्या आत गेलो तर कोणी हळहळू नये, या वर्षीचे मासेही सुटतील.

लवीनाला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, “काही गरज नाही. तुम्ही जूनपर्यंत इथंच बसायचं. जाळ्याचं मी बघते.”

दांड्यावरून सोडवलेले जाळे आता तिच्या गादीखाली आहे.

सही: वेंडेल पीट

आमच्यासमोर वाचून सही केली, हे खरे.
साक्षीदार: मेविस टॉमी, शेजारीण
साक्षीदार: क्लिफर्ड जॉर्ज, लाँगहाउसमध्ये घंटा वाजवणारे

स्थळ: कड्यावरचे घर, कोलंबियाचा उत्तर काठ, वॉशिंग्टन राज्य
दिनांक: २ मार्च २०२३