खोली क्रमांक तीनमधील फेरबदल सावकाश थांबविणेबाबत

प्रति,
मा. नगर अभियंता,
नगरपरिषद कार्यालय, भाईंदर.

अर्जदार : गुणवंत रघुनाथ तांबट, वय ५८, सेवानिवृत्त, रा. परळ, मुंबई.

विषय : जेसल पार्क येथील खोली क्र. ३ मध्ये भाडेकरूने चालविलेले फेरबदल थांबविणेबाबत, तथापि घाई न करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ जुलै १९९४ चा तातडीचा अर्ज.
२) येत्या गुरुवारी पाहणीस येत असल्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

संदर्भ दोनचे पत्र वाचून अर्जदारास आनंद झाला व लगेच धडकी भरली. असे का झाले, त्याची हकीकत खालीलप्रमाणे सादर आहे.

१. अर्जदार तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. कागदावरची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मात्र माणसाला त्याची चूक तोंडावर सांगणे त्यांना आजवर जमलेले नाही. निवृत्तीनंतर राहण्यासाठी त्यांनी पहिल्या मजल्यावर कोपऱ्याची वन रूम किचन घेतली. तोवर रिकामी नको म्हणून ती श्री. महिपत खंडागळे यांस अकरा महिन्यांच्या कराराने दिली. श्री. महिपत सुतारकाम करतात. सोबत पत्नी मुक्ताबाई. भाडे वेळेवर मिळते. तक्रार इतकीच, की घर जागेवर मिळत नाही.

२. करार संपल्याचे सांगण्यास अर्जदार प्रथम गेले, तेव्हा खोली व स्वयंपाकघर यांमधील भिंत आढळली नाही. विचारणा करता श्री. महिपत म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. भिंत हवा अडवत होती." हवा खरोखरच छान येत होती. त्या हवेत बसून चहा घेतल्यावर खोली सोडा म्हणणे अर्जदारास प्रशस्त वाटले नाही. निघताना मुक्ताबाईंनी चकल्या बांधून दिल्या.

३. दुसऱ्या खेपेस गॅलरीचे स्वयंपाकघर झाले होते, स्वयंपाकघराची झोपायची खोली झाली होती, आणि वर एक माळा निघाला होता. हरकत घेण्यापूर्वी बांधकाम तपासावे म्हणून अर्जदार माळ्यावर चढले. तेथे गादी होती. अर्जदारास दीड तास झोप लागली. उठल्यावर हरकत घेणे कठीण झाले.

४. तिसऱ्या खेपेस दरवाजाच नव्हता. अर्जदार ताज्या गिलाव्यावर बराच वेळ टकटक करीत उभे राहिले. अखेर समोरच्या रश्मीबेन बाहेर आल्या व म्हणाल्या, "अंकल, दरवाजा पीछे गया." जणू तो भाजी आणायला गेला होता. संदर्भ एकचा अर्ज अर्जदाराने त्याच दिवशी लिहिला. त्यात "तत्काळ" हा शब्द चार वेळा आला आहे. तो आता कृपया एकदाही वाचू नये.

५. कारण, अर्जदाराची पत्नी सौ. सुचेता यांनी नंतर प्रकरण स्वतःच्या हाती घेतले. अर्जदार मांजरालासुद्धा "जरा सरकता का" म्हणतात, असे सांगून त्या गेल्या आठवड्यातील सोमवारी खोली रिकामी करून घेण्यास एकट्या गेल्या. आज नववा दिवस आहे. चौकशीअंती समजले ते असे : त्या मुक्ताबाईंना पोळ्या लाटून देत असता टाचा उचलून उभ्या राहतात, हे श्री. महिपत यांनी पाहिले. त्यांनी टेप काढून सौ. सुचेता यांच्या कोपराची उंची मोजली आणि दोन दिवसांत ओटा चार इंच खाली घेतला. परळच्या घरात एकतीस वर्षे सौ. सुचेता पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करीत आल्या. त्यांची उंची कोणीही विचारली नव्हती. अर्जदारानेही नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे.

६. परवा श्री. महिपत परळला आले व सौ. सुचेता यांची चिठ्ठी देऊन गेले : "ओटा माझ्या मापाचा झालाय. मी येत नाही, तुम्ही या. येताना मोठा कुकर आणा." खोली कधी सोडणार, असे अर्जदाराने धीर करून विचारले असता ते म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय? काकूंची खिडकी झाली की निघालोच." ही खिडकी तोवर ठरलेली नव्हती.

७. सद्यःस्थितीत घरात भाडेकरू आहेत, भाडेकरूची पत्नी आहे, मालकाची पत्नी आहे. फक्त मालक बाहेर आहे. तो उद्या कुकर घेऊन जात आहे.

तरी विनंती की, गुरुवारी पाहणी अवश्य व्हावी व चहा घ्यावा. मात्र ओट्यास हातोडा लागू नये. नियमानुसार नोटीस देणे भागच असल्यास ती आपल्या शिपायामार्फत थेट सौ. सुचेता यांच्या हाती द्यावी. अर्जदारास ते जमणार नाही.

आपला नम्र, व नऊ दिवस खानावळीत जेवणारा,
गु. र. तांबट
परळ, दि. २३ ऑगस्ट १९९४

सोबत :
१) खोलीचा मूळ नकाशा (केवळ आठवण म्हणून).
२) कराराची प्रत.
३) सौ. सुचेता यांची चिठ्ठी. शेवटच्या दोन ओळी घरगुती आहेत, वाचू नयेत.