हिच्या म्हशीचं तैलचित्र

१४ सप्टेंबर २०२५
आजपासून रोजनिशी. रेश्माने तासगावहून तैलरंगांची पेटी, कॅनव्हास आणि एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. जॉर्ज हॅरोबी नावाच्या चित्रकाराचं चरित्र. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला माणूस. जन्मभर खेडी, गायी आणि गवताच्या गंजी रंगवल्या. रेश्मा फोनवर म्हणाली, आप्पा, तेवढंच मन रमेल. मी म्हणालो, रमलेलंच आहे. ही जाऊन दहा महिने झाले. मी एकदाही रडलेलो नाही. कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी झाली, शिस्त अंगात आहे.
संकल्प: हॅरोबीप्रमाणे पहाटे पाचला उठणे. वर्षश्राद्धापर्यंत एक मोठं चित्र. पुढे साताऱ्यात प्रदर्शन.

१५ सप्टेंबर
सकाळी आठला उठलो. इंग्लंडमध्ये उजाडतं लवकर.

२१ सप्टेंबर
विषय ठरला. हॅरोबीचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे गोठ्यात गाय, शेजारी दूध काढणारी बाई, मागे धुकं. मी हिची म्हैस चंद्री घेणार. परवाच व्याली आहे, रेडी झाली. गोठा घरामागेच असल्याने प्रवासखर्च नाही.
अडचण: दूध काढणारी बाई. चंद्रीचं दूध हिच्याशिवाय कुणी कधी काढलेलं नाही; ही गेल्यावर ती आटलीच होती. शेजारच्या मनुबाई वहिनींना विनंती केली. त्या बसल्या. चंद्रीने बादली थेट तुळशीपर्यंत पाठवली. वहिनी म्हणाल्या, भावजी, हिला तिचीच बाय पायजे. आनि दुसरा उपाव तुमास्नी म्हाईत हाय.
माहीत आहे. मालकीण नसली की तिची साडी नेसून बसायचं, म्हैस फसते. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मी म्हणालो, मी सेवानिवृत्त कर्मचारी आहे. विषय बंद.

२८ सप्टेंबर
रेश्मा आणि जावई येऊन गेले. चंद्री दूध रेडीलाच देते, कासेला हात लावू देत नाही, वैरण मात्र पुरी लागते. त्यांनी ठरवलं की वर्षश्राद्ध झालं की चंद्रीला विकायचं. म्हशींचे व्यापारी भाऊसो यांना निरोपही गेला. रेश्मा म्हणाली, आप्पा, तुमाला एकट्याला झेपायचं न्हाई.
माझी काहीच हरकत नाही. म्हैस ही म्हैस आहे. फक्त चित्र होईपर्यंत थांबा, एवढंच सांगितलं.
जाताना रेश्मा आईच्या साड्या देऊन टाकूया म्हणाली. गोठ्यातल्या खुंटीवरची जुनी हिरवी तेवढी मी ठेवून घेतली. चित्रात कापडाच्या घड्या दाखवायला लागते.

३ ऑक्टोबर
प्रकरण सात वाचलं. बायको वारल्यावर हॅरोबीने दोन वर्षं ब्रशला हात लावला नाही. नुसता तिच्या कोंबड्यांना दाणे टाकत असे. मला हा शुद्ध आळस वाटतो. इथे मी त्याच्या पुढे आहे.

६ ऑक्टोबर
पुस्तकातल्या गायी तांबड्या-पांढऱ्या. म्हशीबद्दल एक ओळ नाही. काळा रंग संपला. कोरेगावहून आणला. तोही संपला. वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, भावजी, पान्याची टाकी लय झ्याक जमली.
त्यांना चित्रकलेतलं कळत नाही. मी पाय काढल्यावर कळेल.

९ ऑक्टोबर
धुक्यासाठी पहाटे शेतावर गेलो. धुकं फार सुंदर, थोडं पिवळसर. भराभर रंगवलं. मग खोकला लागला. पलीकडे उसाचं पाचट पेटवलं होतं.

१४ ऑक्टोबर
चंद्रीची कास तटतटली आहे. हात लावला की थरथरते. पशुवैद्य म्हणाले, दूध काढलं नाही तर सड खराब होतील.
खराब सड चित्रात चांगले दिसणार नाहीत.

१५ ऑक्टोबर
प्रकरण चार पुन्हा नीट वाचलं. जनावरं बुजू नयेत म्हणून हॅरोबी काम करताना शेतकऱ्याचा लांब डगला घालत असे. म्हणजे ही कलाकाराची जुनी पद्धतच आहे. आपल्याकडे डगला नसतो.

१६ ऑक्टोबर
नेसता येत नाही. पँटवरून गुंडाळली, चालताना पडलो. शेवटी वहिनींना हाक मारली. त्यांनी हसू दाबत निऱ्या खोचल्या, डोक्यावर पदर दिला, म्हणाल्या, मिशी झाका, न्हाईतर लाजंल ती.
बसलो. साडीला शेणाचा, वैरणीचा आणि हिच्या खोबरेल तेलाचा वास आहे. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार.
चंद्रीने हुंगलं. उभी राहिली. तांब्याभर दूध निघालं. माझे हात आखडले.
चित्र: आज नाही.

२१ ऑक्टोबर
यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, त्यामुळे चित्राला भरपूर वेळ. सकाळ-संध्याकाळ अभ्यासासाठी नेसतो. पोस्टमन भाऊबीजेची मनीऑर्डर द्यायला वहिनींकडे आला होता. कुंपणावरून मला म्हणाला, मावशी, कोन हाय का घरात? मी म्हणालो, नाही.
बादली अर्धी भरते.

२ नोव्हेंबर
निऱ्या स्वतः जमल्या. चित्र: पाय राहिले आहेत. तोंडही.

८ नोव्हेंबर
वर्षश्राद्ध झालं. चित्र हिच्या फोटोशेजारी ठेवलं. जावयाच्या मामांनी त्यालाच हार घातला आणि विचारलं, या कोण?

९ नोव्हेंबर
भाऊसो आले. चंद्रीने त्यांना लाथ मारली. ते खूश झाले, म्हणाले, जनावर तेजीत हाय, पर दूध दावा. रेश्मा म्हणाली, दूध कुणी काढतच नाही. वहिनी म्हणाल्या, का, भावजी काढत्यात की.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आत जाऊन नेसून आलो. बादली भरली.
भाऊसो म्हणाले, सौदा पक्का. पर आप्पासो, साडीसकट द्या. साडीबिगर आमच्याकडं ही उभी ऱ्हायची न्हाई.
रेश्मा म्हणाली, द्या आप्पा, जुनीच आहे.
मी पदर घट्ट धरला. म्हणालो, चित्र अपुरं आहे, त्यामुळे म्हैस देता येत नाही. भाऊसोंनी चित्राकडे पाहिलं. म्हणाले, यात म्हस कुठं हाय? मी जागा दाखवली. ते चहा न घेताच गेले.
रेश्मा माझ्यामागून गोठ्यात आली. माझा सुटलेला पदर खांद्यावर नीट केला. म्हणाली, आईसारखाच लावता की. मग तासगावच्या एस.टी.ला गेली.

१० नोव्हेंबर
कॅनव्हास रेडीने चाटला. टाकी गेली, धुकं गेलं. नवीन मागवणार नाही.
चित्राचं कारण उरलं नाही. तरी पहाटे पाचला जाग आली. साडी नेसून बसलो. वारा होता, पदर डोक्यावरून घसरला. चंद्रीने मान वळवून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मिशी, चष्मा, सगळं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत असावं.
तरी तिने पान्हा सोडला. बादली भरली. मी बराच वेळ उठलो नाही.