पाचवी खुर्ची

३ मार्च, सोमवार
वकिलाचा फोन. शनिवारी सात वाजता बाहेर जेवायचं. तो, त्याची बायको, आपला दातांचा डॉक्टर आणि मी. हॉटेल असं, की आत जायला कोट लागतो. बावीस वर्षांच्या दोस्तीत या माणसाने मला कॅन्टीनच्या पुढे नेलेलं नाही. विशेष काय विचारलं, तर म्हणे, ये तर खरा, निवांत बोलू, पाच जणांचं टेबल घेतलंय.
आम्ही चौघे. खुर्च्या पाच. हे कळायला वकिली शिकावी लागत नाही. माझी बायको परत येते आहे.

४ मार्च
घटस्फोटाला वर्ष झालं हे खरं. पण सही मी रागात केली होती. ती काय धरायची? तिची सही मात्र अगदी सुवाच्य होती.
ठरलं. माफ करायचं, पण लगेच नाही. सूप संपेपर्यंत गंभीर. मग जरा हसायचं. गोड आलं की म्हणायचं, चल घरी.

६ मार्च
हळू बोलण्याचा सराव. मी ओरडतो अशी तिची एकच तक्रार होती. मी ओरडत नाही. टाइल्सच्या एवढ्या मोठ्या शोरूमचा मॅनेजर आहे, माझा आवाज पोहोचतो. आज कॅशियरबाईंशी दिवसभर हळू बोललो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, साहेब, डॉक्टरकडे जाऊन आलात का?

७ मार्च
घर आवरायचं होतं. नाही आवरलं. कुठली वस्तू कुठे ठेवायची ते तिलाच कळतं, उगाच तिच्या कामात ढवळाढवळ नको.

९ मार्च, रविवार, सकाळी ११
शांत डोक्याने लिहितो आहे.
जागा उत्तम. फरशी इटालियन, सांधे मात्र ढिसाळ भरलेत; वेटरला तसं सांगितलं. काटे-चमचे इतके, की ऑपरेशनची तयारी वाटावी.
ती आली. दातांच्या डॉक्टरबरोबर. वाटलं, वाटेत भेटले असतील. खुर्ची त्याने ओढून दिली. वाटलं, सभ्य माणूस आहे.
सूप: गंभीर राहिलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळेच गंभीर होते.
मासा आला, बोटाएवढा, त्यावर एक पान. हसलो. वकिलाच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात.
मग डॉक्टरने घसा साफ केला. म्हणाला, तुला बाहेरून कळण्यापेक्षा आम्हीच सांगावं असं हिला वाटलं. आम्ही पुढच्या महिन्यात लग्न करतोय.
मी वकिलाला विचारलं, हे सांगायला एवढं मोठं हॉटेल कशाला? तो काट्याशी चाळा करत बसला. उत्तर तिने दिलं. म्हणाली, इथे तू ओरडणार नाहीस म्हणून.
नाही ओरडलो! एक शब्द नाही. वाइनचा दुसरा ग्लास घेतला. तिसरा डॉक्टरचा होता. चीज खाल्लं, बदक खाल्लं, चॉकलेटवरचा साखरेचा पापुद्रा कडाकडा फोडून खाल्ला. वेटरला सांगितलं, सॉस फार छान झालाय. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. संयम काय असतो ते त्यांनी पाहिलं.
ती निघताना म्हणाली, थँक यू. ‘चल घरी’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. म्हणालो, शाल विसरू नकोस. शाल डॉक्टरच्या हातात होती.

१२ मार्च
वकील फोनवर: बरा आहेस ना? म्हटलं, फर्स्ट क्लास. तिच्याशी आणि डॉक्टरशी, दोघांशीही संबंध कायमचे बंद. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं.

१५ मार्च, शनिवार
डाव्या बाजूची दाढ ठणकते आहे. त्या साखरेच्या पापुद्र्याने टवका उडाला असावा. तीन दिवस लवंग धरली. दुसरा डॉक्टर बघायचा होता, पण माझ्या तोंडाचे सगळे एक्स-रे पंधरा वर्षं त्याच्याकडेच आहेत. संबंध वेगळे, दाढ वेगळी. दवाखान्यात फोन केला.
तिने उचलला. आता शनिवारी तीच बसते वाटतं काउंटरवर. म्हटलं, दाढ दुखतेय, आज वेळ मिळेल का? जबडा सुजल्यामुळे आवाज अगदी हळू निघाला.
फार गोड बोलली. म्हणाली, काळजी करू नका काका, साडेपाचला या. नाव काय लिहू?