कासार गल्लीतली मुलींची शाळा

आषाढ व. ८, शके १८६५. सोनपेठ

आड उपसून झाला. पाणी असं नितळ की तळ दिसायलाय. म्हणून गल्लीच्या मंडळाची बैठक मारुतीच्या देवळात, सगळे खुशीत. दामूअण्णा कासार मंडळाचे पुढारी. त्यांनी विचारलं, आता पुढचं काम कोणतं? गयाबाई उठल्या. जन्म शेतात गेला बाईचा, चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या.

"पोरींला दोन अक्षरं शिकवा. माजी लेक सासरी तापानं गेली. तिला लिवता आलं असतं तर आमाला कळवलं असतं. जाऊन घेऊन आलो असतो."

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "ही यमुना हाय की. बाप पंतोजी होता हिचा."

सगळ्या माना वळल्या. मी खाली पाहत बसले. घरी दादा म्हणाला, "शिकव की." वहिनी उठून चुलीपाशी गेली.

आषाढ व. १०

नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडे पोरी कोण पाठवील? मूल होत नाही म्हणून मला माजलगावाकडून इथं आणून सोडलं, तिकडे दुसरी केली. तेव्हापासून मी कुणाच्या हळदीकुंकवालाही जात नाही. अण्णांना हे सगळं कसंबसं सांगितलं. म्हणाले, "आमी तुला अक्षरं शिकवायला बोलवलंय, हळदीकुंकवाला न्हाई."

मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

श्रावण शु. १

देवळाच्या ओसरीत आरंभ. पाट्या नाहीत, लढाईमुळे सगळंच महाग. अण्णांनी बैलगाडीनं गोदावरीची वाळू आणून पसरली. त्यांच्या दोन नाती, कोष्ट्याची सुंदरा, आणखी काही मुली गयाबाईंनी घरोघर जाऊन हाताला धरून आणलेल्या. एक सारखी रडत होती, एक वाळू खात होती.

शेवटी गयाबाई स्वतःच बसल्या. बोट धरून 'ग' काढून दाखवला.
"ह्यो माजा?"
"तुमचाच."
पुसू देईनात. बाकीच्यांनी वळसा घालून जायचं.

नागपंचमी

सुट्टी. झोक्यापाशी पोरी "बाई, बाई" करत मला चिकटल्या. वहिनी शेजारीच होती. घरी आल्यावर म्हणाली, "बाई, भाकरी थापायला या आता." चिडवणं होतं, पण गोड लागलं.

श्रावण शु. ११

चौकीवरचा जवान आला. बिना इजाजत मदरसा, म्हणजे शाळा, चालवता येत नाही, उद्यापासून बंद. मुली घाबरून माझ्यामागे लपल्या. वाळूवर त्याच्या बुटाचे ठसे.

झालं, संपलं असं वाटलं.

श्रावण शु. १२

संपलं नाही. सकाळीच अण्णा आणि करीमचाचा घरी. चाचा कचेरीत कागदपत्रं सांभाळणारे पेशकार होते, आता घरीच असतात, आमच्या मागची भिंत त्यांची. इजाजतीचा अर्ज उर्दूत लागतो, तो चाचा लिहिणार आणि दोघं मिळून तालुक्याला नेऊन देणार. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास. चाचा म्हणाले, "बेटी, फिकर नक्को. माझी नात बी येणार तुझ्याकडं."

तोवर काय? देवळात बसायचं नाही. रोज वेगळ्या घरी, चार पोरी शेजारी खेळायला आल्यासारख्या. असं मंडळात ठरलं. कुणी नाही म्हटलं नाही.

नारळी पौर्णिमा

काल गयाबाईंचा गोठा, परवा अण्णांचं दुकान, बांगड्यांच्या पेट्या सरकवून. ज्या घरी वर्ग, त्या घरची बाई मुलींना काहीतरी देतेच. शेंगा, गूळ, परवा नुसतं ताक. अण्णांच्या दुकानात ताक सांडलं, ते सोडा.

या दारांत गेली तीन वर्षं मी पाऊल टाकलं नव्हतं. आता दारं उघडी ठेवून माझी वाट पाहतात. हे कुणाला सांगावं, म्हणून इथं.

श्रावण व. ६

आज चाचांच्या अंगणात वर्ग. अर्ज पोचला म्हणून तालीम खात्याचे, शाळा तपासणारे साहेब न सांगता दारात उभे. साहेबांनी चाचांच्या नातीला, मुमताजला, विचारलं, काय शिकलीस? तिनं अंगणातल्या मातीत आपलं नाव लिहिलं. मग, न विचारता, खाली साहेबांचा हुद्दा लिहायला घेतला: 'सा', 'हे'... 'ब' उलटा.

साहेब हसले नाहीत. चाचांना म्हणाले, "अर्ज वर पाठवतो. हुकूम काय येईल ते सांगता येत नाही. आज मी अंगणात मुलं खेळताना पाहिली."

ते गेल्यावर चाचांनी टोपी काढून घाम पुसला. मुमताजला म्हणाले, "ब सीधा काढ."

पोळा

बैल मिरवून आले आणि माजलगावाकडचा माणूस निरोप घेऊन आला. मामंजी मला न्यायला येणार. तिकडे दुसरीला बाळ झालंय, तिची तब्येत बरी नाही, घरात हात पाहिजेत. इतकंच. माझं नावसुद्धा नाही निरोपात. "मोठीला तयार ठेवा."

माझी पुरणपोळी वहिनीच्या पोरीला देऊन टाकली.

भाद्रपद शु. १

दादानं अण्णांना सांगितलं. सगळी मंडळी देवळात. वाद झाला. एक म्हातारे म्हणाले, नवऱ्याचं घर ते घर, मंडळानं मधे पडू नये. चुकीचं बोलले असं म्हणवत नाही, सगळीकडे हेच चालतं. कुणी म्हणालं, शाळेला बोल लागेल.

मग वहिनी उठली. माझी वहिनी! "वन्सं गेल्या तर माज्या पोरीला कोण शिकवील? दोन भाकरी जास्ती थापाव्या लागत्यात, थापते मी." मला वाटायचं, मी गेलेली तिला हवी आहे. किती चुकीचं धरून बसले होते.

अण्णा म्हणाले, "तिलाच विचारा ना."

म्हटलं, "मला इथं राहायचंय." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

भाद्रपद शु. २

मामंजी आले. वर्ग दादाच्याच ओसरीत चालू होता. उठले, वाकून नमस्कार केला, म्हटलं, "मुली सुटेपर्यंत बसता का?" आणि परत मुलींत.

बसले ते. गयाबाईंनी पाणी दिलं, वहिनीनं चहा. हळूहळू अण्णा, चाचा, कोष्टी, एकेक जण काही ना काही निमित्तानं अंगणात. कुणी दादाला हाक मारायला, कुणी विळा मागायला. मामंजी सगळं पाहत होते. बाराखडी संपली.

मग म्हणाले, "सामान बांधलं?"
"नाही. मी येत नाही, मामंजी."
"हे तू बोलतीस का गल्ली?"
"मीच."

उपरणं झटकून उठले. राग होता, थकवाही होता. मला वाईट वाटलं त्यांचं. निघताना दादाला म्हणाले, "गौरी झाल्यावर लेकालाच पाठवतो. नवरा-बायकोनं समोरासमोर बोलावं." गाडी वळली.

गयाबाई म्हणाल्या, "येऊ दे. आमी हाव की."

वरून हुकूम आलेला नाही. गौरीनंतर ते येतील. त्यांच्यापुढे नेमकं काय बोलेन, अजून माहीत नाही. मला इथं आणून सोडायचं सासरी ठरलं तेव्हा मी माजघरात होते, दाराआडून ऐकत. या वेळी ओसरीवर बसेन, सगळ्यांच्या देखत.