नटावरची लाल रेघ

६ नोव्हें., गुरु.
डबा परत आला. डबा म्हणजे आमचा स्टार्टर पॅनल, जहाजावरच्या पंपाचा. समुद्रात जवळ स्फोट झाला तरी जहाजावरचं सामान चालू राहिलं पाहिजे, म्हणून पुण्याच्या टेस्टिंगमध्ये त्याला मोठ्या हातोड्याने हाणतात. शॉक टेस्ट. दुसऱ्याच तडाख्यात आतल्या ट्रान्सफॉर्मरला आवळून धरणारी पट्टी तुटली.

हे जेवले नाहीत. एकेका टेस्टची फी भरताना कंबर मोडते, म्हणाले. आता शेवटची. तीही गेली तर शेड देऊन टाकायची अन् पुण्याला भावाच्या कंपनीत नोकरी धरायची. हे बोलताना माझ्या वायरिंगच्या टेबलाकडे बघत होते. मामाजींना, यांच्या वडिलांना, वरूडहून आणून वर्ष झालं नाही, आता कुठे ते इथे रमले. त्यांना परत उचलायचं?

मला राग आला. पट्टी यांची, वायरिंग माझं. वायरिंगची एक तार हलली नव्हती.

९ नोव्हें., रवि.
यांच्या डोक्यात नवीन खूळ. हातोडा आपणच करायचा. जे मोडायचं ते अमरावतीत मोडू द्यायचं, अन् पुण्याला फक्त पास व्हायला जायचं. अकोल्याच्या भंगारातून लोखंडी ठोकळा आणला, शेडच्या गर्डरला साखळीने टांगला.

पण पुण्याचा तडाखा केवढा, ते कसं कळणार? मोजायचं यंत्र आपल्याकडे कुठलं! मी म्हटलं, जुन्या डब्यात तशाच पट्ट्या लावा अन् ठोकळा थोडा थोडा उंचावरून सोडा. ज्या उंचीवरून पट्टी तिथेच, तशीच तुटेल, ती पुण्याची उंची.

हे म्हणाले, "तू इंजिनियर व्हाले पाह्यजे होतं, लता." एवढ्या वर्षांनी सुचलं!

१२ नोव्हें., बुध.
चार पट्ट्या फुकट. पाचवी बरोब्बर तुटली. भिंतीवर खडूने खूण केली.

मामाजी रोज घरामागच्या शेडवर येतात, मेन स्विचजवळच्या स्टुलावर बसतात. उभा जन्म संत्र्याच्या पेट्या भरण्यात गेला. आज डब्यात हात घालून ट्रान्सफॉर्मर हलवून पाहिला. म्हणाले, "पेटीत जागा राहिली का माल मरते." हे हसले. मग हसणं थांबलं, अन् दुपारभर बसून ट्रान्सफॉर्मरला चारी बाजूंनी आधार दिला.

१५ नोव्हें., शनि.
तडाख्यानंतर नट ढिला झाला का, ते नुसतं पाहून कळत नाही. म्हणून नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटते. ऑइलपेंट पसरायला लागला. तर हे गांधी चौकात जाऊन नेलपॉलिश घेऊन आले. लाल.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. पहिल्यांदा नेलपॉलिश आणली, ती नटांना! तसं म्हटलंही. कान लाल झाले यांचे.

सगळे नट मीच आवळले, सगळ्या रेघा मीच ओढल्या.

१९ नोव्हें., बुध.
नवीन डब्याला पहिला तडाखा. मी टॉर्च घेऊन डब्याजवळ. यांनी "सोडतो" म्हटलं अन् ठोकळा सोडला. पट्टी शाबूत. रेघा सरळ. पण डब्यावरचा हिरवा दिवा विझला.

म्हणजे नापासच. तडाखा बसतानाही पंप चालू राहिला पाहिजे, तीच तर अट. दिवा विझला म्हणजे आतला कॉन्टॅक्टर, पंपाला करंट देणारा स्विच, सुटला. बटण दाबलं की परत लागतो, पण जहाजावर बटण दाबायला कोण बसलंय?

२१ नोव्हें., शुक्र.
कॉन्टॅक्टर बदलला. परत तेच. माझी सगळी जोडणी उसवून नव्याने केली. परत तेच. आता दोष माझ्याच कामात असणार. यांनी तसं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी यांनी पुण्याला भावाला फोन केला. मी भाजी चिरत ऐकत होते. रडू आलं, कांदा होताच समोर.

२२ नोव्हें., शनि.
मामाजींनी चहा घेतला नाही. मी विचारलं, बरं नाही का? मग म्हणाले, विजू पुण्याले जाऊन राहिला का माह्यामुळं?

हळूहळू बाहेर आलं. यांनी "सोडतो" म्हटलं की मामाजी मेन खाली ओढायचे. आवाज झाला की वर. फक्त तेवढाच वेळ. पंखा फिरतच राहायचा, कोणाच्या लक्षात येणार! कॉन्टॅक्टर मात्र एकदा सुटला की आपोआप लागत नाही.

त्यांना शॉक म्हणजे करंट. मोटर चालू करताना करंट लागून त्यांचा धाकटा भाऊ विहिरीवरच गेला, त्यांच्या डोळ्यांपुढे.

"शॉक टेस्ट म्हणता तुमी, अन् तू तं डब्याजवळ उभी. मी मेन चालू कसा ठेवू, पोरी?"

मला हसावं की रडावं कळेना. पायाशी बसले त्यांच्या. कालपासून मी स्वतःला कोसत होते, अन् हा माणूस मला जपत होता.

२३ नोव्हें., रवि.
मेन चालू. मामाजींच्या अटी: मी लाकडी पाटावर, पायात त्यांच्या रबरी चपला, डब्यापासून चार हात लांब. सगळ्या मान्य. ठोकळा सोडला. दिवा हलला, विझला नाही.

तीनदा केलं. तिन्ही वेळा मामाजींनी डोळे मिटून घेतले. यांनी शेवटी वडिलांना मिठीच मारली. असं कधी पाहिलं नव्हतं मी.

२७ नोव्हें., गुरु.
डबा काल टेम्पोने गेला. हे आज बडनेऱ्याहून गाडीत बसले. जेवणाच्या डब्यात भाकरी अन् ठेचा दिला. खिडकीतून म्हणाले, फोन करतो.

२८ नोव्हें., शुक्र.
दु. चारला फोन. दोन तडाखे झाले. दिवा विझला नाही. पण दाराजवळच्या एका नटाची रेघ केसभर सरकलीय. तिथले साहेब भिंगातून बघत बसलेत. सर्वात मोठा तडाखा उद्या, मग काय ते सांगतील.

तो नट मला आठवतो. त्याच्या वेळी कुकरची शिट्टी झाली होती, घट्ट करून उठले की तशीच उठले? आठवत नाही. यांना सांगितलं. म्हणाले, "राहू दे. मीच आवळला होता तो." खोटं बोलतात. मला माहीत आहे.

बाटलीत थोडी नेलपॉलिश उरली होती. ओट्यावर बसून नखांना लावली. मामाजी बघत होते. म्हणाले, "तुही बी टेस्ट हाय का उद्या?"

हो म्हटलं.

"मंग माह्या बी एका बोटाले लाव."

करंगळीला लावली. सुकेपर्यंत हात तसाच धरून बसलेत.